सतराच्या जागी चोवीस

पडद्यावर आकडा उमटला, चोवीस.

"अकराव्यांदा," इंद्रजित म्हणाला. "सकाळपासून अकराव्यांदा चोवीस. आता तरी सुधर की बाबा!" आणि त्याने पेटीपुढे चक्क हात जोडले.

शाल्मली खराडेने वहीत चोवीस लिहिलं. यायला हवं होतं सतरा. जिल्ह्यातल्या चाळीस शाळांमध्ये अशीच पेटी होती आणि एकोणचाळीस शाळांत सतराच येत होतं. चोवीस येत होतं ते एकट्या आंबेखिंडच्या शाळेत. म्हणून तर आज विज्ञान केंद्राची विनाचालक गाडी मैदानात येऊन थांबली होती. गाडीतून दोघं उतरली. एक, डॉक्टर यास्मिन मुजावर, केंद्रातल्या शास्त्रज्ञ. दुसरा, परीक्षक-तीन नावाचा यंत्रमानव. त्याला चार चाकं, दोन लांब हात, आणि डोळ्यांच्या जागी एकच गोल भिंग.

"अपेक्षित आकडा सतरा. मिळालेला आकडा चोवीस," परीक्षक-तीन म्हणाला. "निष्कर्ष, यंत्र सदोष. कृती, यंत्र परत नेणे. पॅकिंग दुपारी चार वाजता सुरू होईल."

"दुरुस्त होऊन कधी मिळेल?" कुंभार सरांनी विचारलं. सहावीचा विज्ञान गट सरच चालवायचे.

"परत देण्याची तरतूद आदेशात नाही."

शाल्मलीने वही मिटली. गेले दहा-बारा दिवस तिचं जेवणात लक्ष नव्हतं. डब्यातली दुसरी पोळी रोज तशीच घरी जायची. आईने दोनदा कपाळाला हात लावून ताप पाहिला होता, एकदा उजेडात नेऊन जीभ बघितली होती, आणि ताप नाही म्हटल्यावर तर ती जास्तच काळजीत पडली होती. दुखणं काय आहे हे शाल्मलीला चांगलं ठाऊक होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. पेटी कुणी बिघडवली ते तिला माहीत होतं.

तिनेच.

आता ही पेटी म्हणजे काय, ते सांगायला हवं. नाव साखळीपेटी. आकार शिलाई मशीनच्या पेटीएवढा. आतली सगळी हवा काढून घेतलेली, आणि त्या पोकळीत लेझरच्या उजेडाने धरून ठेवलेले चारशे एक अणू, एकापुढे एक, एकाच रेषेत. प्रत्येकाला शेजारी दोनच, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. अशा रांगेला एकमितीय साखळी (एकाच दिशेने पसरलेली, जिला रुंदी-उंची नाही अशी) म्हणतात.

प्रत्येक अणूला स्पिन असतो (अणूचा जन्मजात गुण, त्याच्यामुळे अणू इवल्याशा चुंबकसुईसारखा वागतो). सोयीसाठी समजा, सुईचं टोक एकतर वर, नाहीतर खाली. शेजारचे दोन अणू आपापसांत अदलाबदल करतात. याचा 'वर' त्याच्याकडे जातो, त्याचा 'खाली' याच्याकडे येतो. मात्र एकूण 'वर' किती, हा आकडा कधी बदलत नाही. ते नष्ट होत नाहीत, नवे जन्मत नाहीत, फक्त जागा बदलतात.

या सुया थंड असल्या तर एक-आड-एक शिस्तीत बसतात. पेटीतल्या सुया मात्र 'गरम' ठेवलेल्या असतात. गरम म्हणजे हात पोळेल असं नव्हे. अणू जागच्या जागी गारठून बसलेले असतात, पण त्यांच्या स्पिनचा पार गोंधळ, कोण वर, कोण खाली, काही नेम नाही. अशा गोंधळात अगदी मधोमध 'वर'वाले थोडेसे जास्त ठेवायचे आणि बघायचं, की हा जास्तीचा 'वर' दोन्ही बाजूंना किती लांब पसरतो. एका ठोक्यानंतर (पेटीचं वेळ मोजायचं माप) तो सहा अणूंपर्यंत पोचायचा. आठ ठोक्यांनंतर किती?

इतर शाळांचं उत्तर होतं सतरा.

डॉक्टर मुजावर सहावीच्या बाकावर, गुडघे वर करून कशाबशा बसल्या होत्या. त्यांनी शाल्मलीची वही मागून घेतली आणि पानं उलटली.

"परीक्षक, एक सांग. यंत्र बिघडलं असेल तर आकडा भरकटायला हवा. कधी वीस, कधी तीस. हे दर वेळी चोवीसच का येतंय?"

"सदोष यंत्रे सातत्याने सदोष असू शकतात."

"आमचा चुलतभाऊ तसाच आहे," इंद्रजित म्हणाला. सरांनी डोळे वटारले.

"चोवीस कधीपासून येतंय?" डॉक्टर मुजावरांनी विचारलं.

"नऊ ऑक्टोबरपर्यंत सतरा. तेरा ऑक्टोबरपासून चोवीस. मधल्या तीन दिवसांत एकही प्रयोग झालेला नाही," परीक्षक-तीन म्हणाला.

"तीन दिवस काय होतं, सर?"

"काही नाही हो, सुट्टीच. खंडेनवमी, दसरा आणि रविवार. खंडेनवमीला मुलं तेवढी तासभर पूजेला आली होती."

"खंडेनवमी, अर्थ सांगा," परीक्षक-तीन म्हणाला.

इंद्रजितला एवढंच हवं होतं. "त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. हत्यारं म्हणजे ज्याच्यावर आपलं काम चालतं ते. माझे पप्पा ट्रॅक्टर धुतात, आजोबा विळा-कोयता मांडतात, शाळेत आम्ही संगणक, घंटा आणि ही पेटी मांडली. हळदकुंकू, झेंडूची फुलं, सगळं. तू असतास तर तुलाही घातला असता हार."

यंत्रमानवाचं भिंग एकदा बारीक झालं, एकदा मोठं. "यंत्राला फुलांचा उपयोग काय?"

"उपयोग नसतो रे. मान असतो."

"नोंद घेतली. एक जुनी नोंद आता सुसंगत वाटते. या पेटीच्या तळाशी असलेले पितळी चक्र इतर एकोणचाळीस पेट्यांतील चक्रांपेक्षा जास्त चकाकते. आतापर्यंत कारण अज्ञात होते."

 कुंभार सर हळूच वळले. त्यांच्या विज्ञान गटाचा पहिला नियम फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहिलेला होता. तळाच्या चक्राला हात लावायचा नाही. लावणारा गटाबाहेर.

"कुणी घासलं ते?"

इंद्रजित छताकडे बघायला लागला. त्याला माहीत नव्हतं असं नाही. शाल्मलीच्या हातातली चिंच त्याने पाहिली होती. पण तो बोलला नसता, हेही तिला माहीत होतं. आणि कुणीच बोललं नाही तर चार वाजता पेटी जाणार, पुन्हा कधी येणार नाही. बरं, सांगितलं तर? तर ती स्वतः जाणार. तिने दोन्ही गोष्टी मनात एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या. दुसरीत निदान पेटी राहण्याची थोडी तरी आशा होती.

"मी," ती म्हणाली.

"मोठ्याने बोल."

"मी घासलं, सर. चिंच लावून. घरी देवाची पितळी भांडी मीच घासते. ते चक्र अगदी काळं पडलं होतं, आणि तशी वस्तू पूजेला कशी मांडायची? म्हणून..." तिने हवेतच चक्र फिरवल्यासारखं केलं. "घासताना ते फिरलं. आधी कसं होतं ते आठवेना. मग मी नीट दिसेल असं लावून ठेवलं. तेव्हापासून चोवीस येतंय. पेटी मी बिघडवली."

"आणि बारा दिवस गप्प बसलीस," सर म्हणाले.

"होय."

डॉक्टर मुजावर मात्र यातलं काही ऐकत नव्हत्या. त्या बाकावरून उठल्या, ओढणी खांद्यावरून मागे टाकली आणि सरळ फरशीवर पाठ टेकून पेटीच्या टेबलाखाली शिरल्या, तळाचं चक्र टेबलाच्या भोकातून खालूनच दिसायचं. आतून त्यांचा आवाज आला. "शाल्मली, नीट दिसेल असं म्हणजे कसं लावलंस?"

"त्याच्यावर तीन रेघा आहेत ना, त्या वाकड्यातिकड्या झाल्या होत्या. मी एका ओळीत आणल्या."

"अगदी एका ओळीत?"

"पट्टी लावून बघितलं."

 मग डॉक्टर मुजावर बाहेर आल्या. केसांना जळमट लागलेलं होतं, चेहरा मात्र वाढदिवसाच्या मुलीसारखा खुललेला.

"अगं, पेटी बिघडली नाही. तू तिला वेगळा प्रश्न विचारलास, आणि ती त्याचं उत्तर देतेय."

त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर तीन रेघा ओढल्या. अदलाबदल करणारे शेजारचे दोन अणू चुंबकांसारखे एकमेकांना ओढतात ना, ती ओढ तीन दिशांची असते, वर-खाली, डावी-उजवी आणि पुढे-मागे. चक्रावरची एकेक रेघ म्हणजे त्या-त्या दिशेची ओढ. कारखान्यातून पेटी निघते तेव्हा वर-खालीची रेघ मुद्दाम पुढे ठेवलेली असते. तसं ठेवलं की पाठ्यपुस्तकातलं उत्तर येतं. रेघा एका ओळीत आणल्या, म्हणजे तिन्ही ओढी सारख्या झाल्या.

"पाठ्यपुस्तकातलं उत्तर सतराच का?" त्यांनी विचारलं. "इंद्रजित, चल उभा राहा. नाणं आहे?"

नाणी व्यवहारातून केव्हाच गेली होती, शाळेच्या कपाटात खेळण्यापुरती काही जपून ठेवलेली असत. इंद्रजितने एक आणलं.

"छापा आला तर एक पाऊल पुढे, काटा आला तर एक पाऊल मागे."

इंद्रजितने चार वेळा नाणं उडवलं आणि तो होता तिथेच उभा राहिला. "असं चाललो तर घरी कधी पोचायचं?"

"पोचशील, पण रमतगमत. चारपट वेळ चाललास तर साधारण दुप्पट लांब जाशील. नऊपट वेळ, तिप्पट लांब. याला विसरण म्हणतात (पाण्यात पडलेल्या निळीच्या थेंबासारखं धक्के खात पसरणं). मग आठपट वेळ दिला तर?"

"चारला दोन, नऊला तीन," शाल्मलीने नाक पुसत हिशेब केला. "आठला तीनपेक्षा थोडं कमी. सहाच्या तिपटीला अठरा. त्याहून थोडं कमी, सतरा!"

"बरोबर. आणि नाणं न उडवता सरळ चालत सुटला तर?"

"आठपट वेळ, आठपट लांब. अठ्ठेचाळीस."

"आणि तुझ्या पेटीत आलंय चोवीस. म्हणजे सहाच्या किती पट?"

"चौपट."

"आठपट वेळ, चौपट अंतर. नाणंवाल्यापेक्षा जलद, सरळ चालणाऱ्यापेक्षा हळू. याला अतिविसरण म्हणतात. तिन्ही ओढी अगदी सारख्या असतील, तेव्हाच हे होतं. मला पुस्तकातून माहीत होतं, पण चिंचेने करून दाखवलेलं पहिल्यांदाच बघतेय."

"आक्षेप," परीक्षक-तीन म्हणाला. "चोवीस हा आकडा बिघाडातूनही येऊ शकतो. आदेश रद्द करण्यासाठी दोन अटी. कारण सांगावे. त्या कारणावरून न मोजलेला आकडा आधी सांगावा आणि मग मोजून दाखवावा. वेळ, दुपारी चारपर्यंत."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले होते.

"वाजवी आहे," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "आठ ठोके झाले. आता त्याच्या आठपट, म्हणजे चौसष्ट ठोके. तेव्हा पसारा किती असेल ते आपण आधी सांगायचं. पण आकडा नुसता ठोकून नाही चालायचं, कारण हवं. या साखळीत बातमी कोण नेतं, ते आधी बघू."

त्यांनी फळ्यावर एक लांब रेघ काढली आणि तिच्यावर लहान-मोठे फुगवटे काढले. त्या सांगू लागल्या, की अणूंच्या अदलाबदलीतून साखळीत पुंजके तयार होतात (अनेक अणूंच्या स्पिननी मिळून एकत्र पुढे सरकणं, पुंजका धावतो, अणू मात्र जागच्या जागीच राहतात). काही पुंजके दोन-तीन अणूंचे, काही शंभराचे. लहान भराभर जातात, मोठे सावकाश. आकार दुप्पट, तर चाल निम्मी. "आणि विचित्र गोष्ट अशी, की समोरासमोर आले तरी ते आपटत नाहीत, मागे फिरत नाहीत. एकमेकांतून आरपार निघून जातात."

"त्यात विचित्र काय?" शाल्मली पटकन बोलून गेली. "आमच्या पेठेत दसऱ्याला असंच तर असतं."

"म्हणजे?"

तिने सरांकडे पाहिलं. आपण अजून गटात आहोत की नाही, तिला कळेना. सरांनी नुसती मान हलवली. सांग.

"आमची पेठ म्हणजे एकच लांब गल्ली आहे, बैलगाडी जाईल एवढी. दसऱ्याला वरच्या वाडीची लेझीम पथकं वरून निघतात, खालच्या वाडीची खालून. मध्ये गाठ पडली तरी कुणी थांबायचं नाही नि मागे वळायचं नाही. मागे वळलेल्याला वर्षभर चिडवतात. मग एकमेकांच्यातून जायचं, खांदा तिरका करून. आमचं सहा मुलींचं पथक. आम्ही तुरुतुरु जातो. तालमीचं पथक साठ जणांचं, ते मुंगीच्या पावलाने."

"आणि ताल?"

"वरच्या वाडीचा ताल वेगळा, खालच्यांचा वेगळा."  तिचे डोळे मोठे झाले. "मॅडम, ह्या वर्षी आमचं तेच झालं! आम्ही वरच्या वाडीचा ताल घेऊन निघालो. वाटेत खालून आलेल्या तालमीच्या साठ जणांतून जावं लागलं. आत शिरलं की कानात त्यांचाच ताल. हात आपोआप तसेच पडतात. बाहेर आलो तेव्हा आपला ताल कुठला होता, तेच सहाजणींना आठवेना. वस्ताद केवढे ओरडले!"

"ह्या खालच्या वाडीचा ताल वाजवत आल्या," इंद्रजित म्हणाला. "फितूर!"

"तू गप्प बस. तू तर ढोलाच्या गाडीवर बसून आला होतास."

डॉक्टर मुजावर मात्र खडू हातात धरून तशाच उभ्या होत्या. "तालमीवाल्यांचा ताल तुमच्यामुळे बिघडला?"

"साठ जणांचा? सहा मुलींनी? छे."

"मग ऐका. ताल म्हणजे स्पिन समजा, वरच्या वाडीचा 'वर', खालच्या वाडीचा 'खाली'. पथक म्हणजे पुंजका. लहान पुंजका जलद धावतो, पण आपल्याहून मोठ्यातून गेला की कुठला ताल घेऊन निघालो होतो ते विसरतो. तो पुढे धावतच राहतो, पण बातमी गेलेली असते. मग पेठेच्या एका टोकाचा ताल खूप वेळानंतरही दूरवर कोण नेत असेल?"

"मोठी पथकं," शाल्मली म्हणाली. "जितका वेळ जास्त, तितकी मोठी. लहानांचा ताल तोवर पुसला गेला असेल."

"आणि मोठी पथकं?"

"हळू चालतात." तिने खडू कधी घेतला ते तिचं तिलाच कळलं नाही. "म्हणून सुरुवातीला ताल भराभर पसरतो, मग हळूहळू. पण किती हळू?"

"तेही काढू. साखळीत मोठे पुंजके कमी असतात. तुमच्या पथकाचा आकार दुप्पट केला, तर तुमच्याहून मोठी पथकं पेठेत चौथा हिस्साच उरतात. म्हणजे गाठ पडायला चौपट वेळ."

"शिवाय आम्ही दुप्पट झालो, तर आमची चाल निम्मी. मग गाठ पडायला आणखी दुप्पट वेळ." ती बोटांवर मोजत होती. "चार दुणे आठ. आकार दुप्पट केला की ताल आठपट वेळ टिकतो!"

"उलटं म्हण."

"आठपट वेळ गेला, की ताल टिकवून असलेली सगळ्यांत लहान पथकं दुप्पट आकाराची. त्यांची चाल निम्मी." तिने फळ्यावर सावकाश, एकेक आकडा काढत लिहिलं. आठपट वेळ, निम्मी चाल, आठाचे निम्मे चार. "चौपट अंतर! सहाचे चोवीस!"

इंद्रजितने तोंडाने ताशा वाजवला. कुंभार सर फळ्याकडे टक लावून बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आणि नाण्याचा प्रकार?" त्यांनी विचारलं. "वर-खालीची ओढ जास्त ठेवली की?"

"तेव्हा मोठी पथकं जवळजवळ हलतच नाहीत, सर," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. " रस्त्यात ठाण मांडून बसतात, आणि लहानांना पावलोपावली ताल विसरायला लावतात. मग उरतं ते नाणं उडवत चालणं, सतरा. आडव्या दिशांची ओढ जास्त ठेवली, तर काही पथकं ताल न विसरता सरळ धावत सुटतात. मग आठपट वेळेला आठपट. तिन्ही अगदी सारख्या असल्या की तेवढ्यापुरतं हे तिसरंच."

"कारण ऐकले," परीक्षक-तीन म्हणाला. "आकडा सांगावा."

शाल्मलीने वही उघडली. चौसष्ट म्हणजे आठाची आठपट. म्हणजे चोवीसची पुन्हा चौपट. तिने दोनदा गुणाकार तपासला, तिसऱ्यांदा बोटांवर केला. "शहाण्णव," ती म्हणाली. "आणि नाणंवाल्याचा हिशेब खरा असता तर अठ्ठेचाळीस. चौसष्टपट वेळ, आठपट अंतर."

"दोन्हींत फरक पुरेसा आहे. मोजणी सुरू."

एकदा मोजून भागत नाही. एका वेळी गोंधळ एक प्रकारचा असतो, पुढच्या वेळी दुसऱ्या. म्हणून पेटी तोच प्रयोग हजारो वेळा करते आणि सरासरी काढते. आठ ठोक्यांना दहा-बारा मिनिटं पुरायची, चौसष्टांना दीड तास लागणार होता. सगळे व्हरांड्यात जाऊन बसले. डॉक्टर मुजावरांनी पिशवीतून शेंगदाण्याची पोळी काढली आणि न विचारता चौघांत वाटली. शाल्मलीने हातातला तुकडा नुसताच धरून ठेवला.

"खा गं."

"आकडा आल्यावर."

"आकडा तुझ्या उपाशी राहण्याने बदलत नाही. त्याला माहीतच नसतं कोण जेवलंय."

तिने एक घास घेतला. मग सरांकडे न बघता म्हणाली, "सर, आकडा शहाण्णव आला तरी मी नियम मोडलाच ना?"

"मोडलास." सर सावकाश बोलत होते. "हात लागला, ते मी समजू शकतो. काळं पितळ बघून माझ्याही हाताला चिंच आठवली असती. पण तू त्याच दिवशी सांगितलं असतंस तर? बारा दिवस चाळीस शाळांचे आकडे जुळवताना लोकांनी डोकं फोडून घेतलं. आपल्या पेटीला सदोष ठरवलं. यंत्राला काय झालं हे यंत्र सांगू शकत नाही, पोरी. ते आपणच लिहून ठेवायचं असतं."

"हं."

"पंधरा दिवस पेटीला हात लावायचा नाही."

तिने मान खाली घातली. गटाबाहेर असं सर म्हणाले नव्हते, हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

पावणेचारला आत टिंग वाजलं. इंद्रजित बाकावरून उडी मारून गेला, शाल्मली त्याच्या मागोमाग, हात पाठीमागे घट्ट बांधून. पडद्यावर आकडा होता पंच्याण्णव.

"एक कमी!" ती जवळजवळ ओरडलीच.

"अपेक्षित शहाण्णव, मिळाले पंच्याण्णव. मोजणीतील अनिश्चितता दोन," परीक्षक-तीन म्हणाला. सोबत आणलेला पॅकिंगचा फोम त्याने घडी करून परत आपल्या पोटात ठेवला. "निष्कर्ष, यंत्र निर्दोष. आदेश रद्द. चक्र हलवणाऱ्या व्यक्तीचे नाव अहवालात घालावे काय?"

सगळ्यांनी शाल्मलीकडे पाहिलं.

"घाला," ती म्हणाली. "तारीखही घाला. दहा ऑक्टोबर, सकाळी अकराच्या सुमारास. आणि चिंचेने, असंही."

"चिंच. नोंद घेतली."

डॉक्टर मुजावर हसल्या. "पंधरा दिवस हात लावायचा नाही म्हणे तुला. आमच्याकडे निम्मे शास्त्रज्ञ जन्मात यंत्राला हात लावत नाहीत. फळ्यासमोर बसून आकडा आधी सांगायचा, मोजायचं काम दुसऱ्यांचं. सैद्धांतिक शास्त्रज्ञ म्हणतात त्यांना. पंधरा दिवसांसाठी तू तशी हो."

"पण आता सांगायचं काय राहिलं? आकडा तर जुळला."

"सरासरी जुळली." त्या पुन्हा गुडघे वर करून बाकावर बसल्या. "कागद जळताना त्याची वेडीवाकडी कड पुढे सरकते ना, तिच्यातली एखादी खाच किती लांबपर्यंत परिणाम करते ते मोजलं, तर तिथेही हाच नियम निघतो. आठपट वेळ, चौपट अंतर. कुठे जळता कागद आणि कुठे अणूंची साखळी! पण पेटी हजार वेळा मोजते, तेव्हा दर वेळचा आकडा सरासरीच्या थोडा इकडे-तिकडे पडतो. ते इकडे-तिकडे पडणं मात्र कागदाशी जुळत नाही."

"का जुळत नाही?"

"कुणाला नीट सांगता आलेलं नाही."

"तुम्हालाही?"

"मलाही."

"ह्याला?" इंद्रजितने यंत्रमानवाकडे बोट दाखवलं.

"उत्तर उपलब्ध नाही," परीक्षक-तीन म्हणाला.

शाल्मलीने फळ्यावरच्या लांब रेघेकडे पाहिलं. दसऱ्याला वरच्या वाडीचा ताल सरासरी कुठवर पोचतो, ते झालं. पण एखाद्या वर्षी फार लांब जातो, एखाद्या वर्षी नाक्यावरच विरतो. असं किती वेळा होत असेल? चांगल्या वर्षांची आणि वाईट वर्षांची संख्या सारखी असेल, की एक बाजू जड असेल? पेठेला वर-खाली अशी दोन तोंडं आहेत, दोन्हीकडून पथकं येतात. जळणारा कागद मात्र एकाच बाजूने पुढे सरकतो.

"इंद्र्या, खुर्ची ओढ. सरासरी नको. दर वेळचा आकडा वेगवेगळा लिहून घे, एकही गाळू नकोस."

"मी का? तू लिही की."

"मला पेटीला हात लावायचा नाहीये. मी आधी सांगणार, तू मोजणार." ती फळ्याकडे वळली. "माझ्या मते सरासरीच्या दोन्ही बाजू सारख्या येतील. चूक निघाली तर मीच लिहून ठेवीन. चल, सुरू कर."